प्रामाणिक चूक आणि तिचा हिशेब : क्लबच्या मानद पदाधिकाऱ्यांकडून उत्तर कसे घ्यावे

एका क्लबच्या नियमावलीत वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना किमान १४ स्पष्ट दिवस आधी द्यावी, असे लिहिले आहे असे समजा. मानद सचिवांनी १ तारखेला सूचना पाठवली आणि १५ तारखेला सभा झाली. पंधरातून एक वजा केला की चौदा उरतात, म्हणून त्यांना त्यात काही वावगे वाटले नाही. परंतु ‘स्पष्ट दिवस’ या शब्दांचा सभाशास्त्रातील अर्थ असा की, सूचना देण्याचा दिवसही धरायचा नाही आणि सभेचा दिवसही धरायचा नाही. अशा मोजणीत मधले दिवस तेराच भरतात. त्या सभेत निवडणूक झाली, नव्या कार्यकारिणीने बँकेत सह्यांचे नमुने दिले, दोन करार केले, आणि चार महिन्यांनी एका सभासदाने नेमके या तेरा दिवसांवर बोट ठेवले.

अशा वेळी क्लबमध्ये दोन तट पडतात. एक तट म्हणतो की, बिचाऱ्या सचिव फुकट राबतात, एका दिवसाचे काय घेऊन बसलात, विषय मिटवा. दुसरा तट म्हणतो की, नियम म्हणजे नियम, सचिवांनी राजीनामा द्यावा. पहिल्या मार्गाने गेल्यास निवडणुकीतला दोष तसाच राहतो आणि पुढे एखाद्या वादाच्या प्रसंगी तो पुन्हा उकरून काढला जातो. दुसऱ्या मार्गाने गेल्यास पुढच्या वर्षी सचिवपद घ्यायला कोणी पुढे येत नाही, आणि जे येतात ते चूक कळली तरी तोंड उघडत नाहीत. या दोन्हींहून वेगळा असा एक रीतसर मार्ग आहे. तो थोडा कष्टाचा आहे, परंतु कोणत्याही लहान क्लबला झेपेल असा आहे. तो कसा चालावा, एवढाच या लेखाचा विषय आहे.

आधी एक शब्द नीट समजून घ्यावा लागेल. ‘जाब’ हा शब्द ‘जवाब’ म्हणजे उत्तर याच शब्दावरून आलेला आहे, परंतु आपल्या बोलण्यात ‘जाब विचारणे’ म्हणजे खडसावणे असा अर्थ रुळला आहे. उत्तरदायी असणे म्हणजे शिक्षेला पात्र असणे, असा समज त्यातूनच होतो. पदाधिकारी उत्तर द्यायला बांधलेला आहे, ही एक गोष्ट झाली. ते उत्तर ऐकल्यावर त्याच्यावर काही कारवाई करावी की नाही, ही दुसरी. पहिली गोष्ट प्रत्येक चुकीत झालीच पाहिजे, दुसरी फार थोड्या चुकांत करावी लागते. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता आल्या तर पुढचे बहुतेक काम सोपे होते.

विनावेतन काम ही ढाल किती चालते?

‘मी तर मोबदला न घेता काम करतो’ हे उत्तर मनाला पटणारे असले, तरी कायद्याने ते पुरेसे मानलेले नाही, आणि हे फार जुने आहे. १७४२ साली इंग्लंडमध्ये न्यायाधीश लॉर्ड हार्डविक यांच्यापुढे चॅरिटेबल कॉर्पोरेशन या संस्थेचा खटला आला. गरिबांना तारणावर छोटी कर्जे देणाऱ्या या संस्थेत काही जणांनी संगनमताने पैसा लाटला होता आणि समितीतील इतरांनी लक्ष घातले नव्हते. अशी जबाबदारी स्वीकारणाऱ्याने ती निष्ठेने आणि वाजवी दक्षतेने पार पाडली पाहिजे आणि पद केवळ मानाचे होते, त्यातून लाभ नव्हता, ही सबब चालणार नाही, असे हार्डविक यांनी ठरवले. सभांना सतत गैरहजर राहून सारा कारभार दुसऱ्यांवर सोडणारेही दोषी ठरू शकतात, हे त्यांनी त्याच निकालात सांगितले.

याचे अलीकडचे आणि फार कठोर उदाहरण ऑस्ट्रेलियातील आहे. नॅशनल सेफ्टी कौन्सिलच्या व्हिक्टोरिया शाखेच्या कार्यकारी संचालकाने मोठी फसवणूक करून संस्था बुडवली. १९९१ मध्ये न्यायालयाने तेथील विनावेतन मानद अध्यक्षांना सुमारे ९ कोटी ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरच्या देण्यासाठी व्यक्तिशः जबाबदार धरले. त्यांनी एक पैसाही घेतला नव्हता, त्यांचा त्या फसवणुकीशी संबंधही नव्हता. परंतु संस्थेची आर्थिक पत्रके समजून घेण्याचे जे किमान काम पदाबरोबर येते, ते त्यांच्याकडून झाले नव्हते. हा निकाल वाचताना त्या गृहस्थांविषयी वाईट वाटते, आणि तरीही प्रत्येक नव्या पदाधिकाऱ्याला तो सांगावा असे मला वाटते, कारण पद स्वीकारण्याआधी हे माहीत असणे हा त्याचा हक्क आहे.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. अनेक देशांच्या कायद्यांनी प्रामाणिक माणसासाठी जागा ठेवली आहे. ब्रिटनच्या २००६ च्या कंपनी कायद्यातील कलम ११५७ आणि भारताच्या २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम ४६३ यांनुसार, अधिकारी प्रामाणिकपणे आणि वाजवीपणे वागला असेल आणि एकूण परिस्थिती पाहता त्याला माफ करणे न्याय्य ठरत असेल, तर न्यायालय त्याला दायित्वातून मोकळे करू शकते. यातला ‘आणि’ महत्त्वाचा आहे. नुसता प्रामाणिकपणा पुरत नाही, वाजवीपणाही लागतो. अमेरिकेच्या १९९७ च्या केंद्रीय कायद्याने ना-नफा संस्थांच्या स्वयंसेवकांना साध्या हयगयीबद्दल व्यक्तिगत दायित्वापासून संरक्षण दिले. मात्र जाणूनबुजून केलेले गैरकृत्य, घोर निष्काळजीपणा आणि बेपर्वाई यांना ते मिळत नाही. त्याच कायद्यात एक तरतूद अशीही आहे की, संस्थेने स्वतःच आपल्या स्वयंसेवकावर दावा लावला तर हे संरक्षण आड येत नाही. बाहेरच्यांपासून कायदा वाचवतो, परंतु आपल्याच क्लबने कसे वागावे हे क्लबवर सोडलेले आहे. म्हणूनच क्लबकडे स्वतःची एक रीत असली पाहिजे.

आपला क्लब कंपनी आहे, नोंदणीकृत संस्था आहे, न्यास आहे की कसलीच नोंदणी नसलेली मंडळी आहे, यावर लागू होणारा कायदा ठरतो. हे कार्यकारिणीने पहिल्याच बैठकीत वकिलाला विचारून एका पानावर लिहून घ्यावे.

चूक कोणत्या जातीची आहे, हे आधी ठरवावे

सगळ्या चुकांना एकच माप लावल्यामुळे सर्वांत अधिक अन्याय होतो. माझ्या मते चार जाती ओळखता आल्या पाहिजेत.

पहिली आहे साधी नजरचूक. तारीख मोजताना एक दिवस चुकला, रक्कम टाकताना दोन अंकांची अदलाबदल झाली, एकच बिल दोनदा फेडले गेले. माणसाला नियम माहीत होता किंवा माहीत असल्यासारखे वाटत होते आणि करायचे तेच तो करत होता. अशा चुकीत माणसाला बोलून उपयोग नसतो, कारण ‘पुढच्या वेळी लक्ष देईन’ हे वचन तो मनापासून देईल आणि तरीही नजरचूक पुन्हा होईल. येथे पद्धत बदलावी लागते.

दुसरी आहे विचार करून घेतलेला परंतु फसलेला निर्णय. कार्यकारिणीने तीन दरपत्रके मागवली, चर्चा केली, एका कंत्राटदाराला मैदानाचे काम दिले, आणि तो अर्धे काम टाकून निघून गेला. निकाल वाईट लागला म्हणून निर्णय वाईट होता असे ठरत नाही. येथे परीक्षा निर्णयाच्या प्रक्रियेची करायची असते. कंपन्यांच्या जगात या तत्त्वाचा मोठा कस १९८५ मध्ये अमेरिकेतील डेलावेअर राज्यात लागला. एका कंपनीच्या विक्रीला संचालकांनी सुमारे दोन तासांच्या बैठकीत, कराराची कागदपत्रे न वाचता संमती दिली होती. त्यांचा हेतू वाईट होता असे कोणी सिद्ध केले नाही. परंतु पुरेशी माहिती न घेता निर्णय घेतला म्हणून न्यायालयाने त्यांना दोषी धरले. म्हणजे ज्याने वाचले, विचारले, लिहून ठेवले, त्याचा निर्णय फसला तरी त्याच्या बाजूला बोलायला काही असते, आणि ज्याने काही न वाचता हात वर केला, त्याच्या बाजूला काहीच नसते.

तिसरी जात आहे सोयीसाठी पडलेली वाकडी सवय. कोऱ्या धनादेशांवर दुसरी सही आधीच घेऊन ठेवायची, बैठक न घेता फोनवर ‘हो’ म्हणवून घ्यायचे आणि नंतर इतिवृत्तात बैठक झाल्याचे लिहायचे. यात बहुधा कोणाचा स्वार्थ नसतो, सगळ्यांना हे माहीत असते आणि सगळ्यांनी ते चालवून घेतलेले असते. ज्या दिवशी त्यातून नुकसान होते, त्या दिवशी त्या वेळी पदावर असलेला एकटा माणूस सापडतो. येथे जबाबदारी पूर्ण कार्यकारिणीची आहे आणि चौकशीच्या अहवालात तसे स्पष्ट लिहिले गेले पाहिजे.

चौथी जात आहे बेपर्वाई. दोनदा लेखी सांगूनही विम्याचे नूतनीकरण केले नाही, लेखापरीक्षकाने दाखवलेला दोष वाचूनही कागद बाजूला ठेवला, हितसंबंध लपवला. ही प्रामाणिक चूक नव्हे आणि तिला ते नाव देऊन सोडून देणे हा बाकीच्या प्रामाणिक माणसांवर अन्याय आहे.

जात ठरवताना दोन प्रश्न फार उपयोगी पडतात. एक असा की, याच पदावर, याच माहितीवर, याच वेळेच्या ओढाताणीत दुसरा एखादा समंजस सभासद असता, तर त्याच्याकडूनही हे घडले असते का? उत्तर ‘बहुधा हो’ असेल तर दोष माणसापेक्षा व्यवस्थेत अधिक आहे. दुसरा प्रश्न असा की, ही चूक कळल्यानंतर त्या व्यक्तीने काय केले? मला दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अधिक बोलके वाटते. चुकीच्या क्षणी माणसाच्या मनात काय होते हे कोणालाच पाहता येत नाही. चूक कळल्यावर त्याने फोन उचलला की कागद दडवला, हे मात्र सर्वांना तपासता येते.

हे सर्व ठरवताना एक सापळा सांभाळावा लागतो. बारूक फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये दाखवून दिले की, एखाद्या घटनेचा शेवट कळल्यावर तो शेवट आधीपासूनच संभवनीय होता असे माणसाला वाटू लागते, आणि आपल्या मतावर त्या माहितीचा परिणाम झाला आहे हे त्याच्या लक्षातही येत नाही. ‘हे तर कोणालाही दिसले असते’ हे वाक्य बैठकीत उच्चारले गेले की अध्यक्षांनी थांबवून विचारावे की, त्या तारखेला उपलब्ध असलेल्या कोणत्या कागदावर ते दिसत होते? कागद दाखवता आला तर आक्षेप नोंदवावा, नाही तर सोडून द्यावा.

चूक लक्षात आली की पहिल्या दिवसांत काय करावे

ज्याच्या हातून चूक झाली त्याने त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी अध्यक्षांना लेखी कळवावे. अध्यक्षच चुकले असतील तर सचिवांना आणि आणखी एका सदस्याला कळवावे. या पत्रात काय घडले, कधी लक्षात आले, आतापर्यंत काय केले आणि अजून कोणते नुकसान थांबवता येईल, एवढेच लिहावे. समर्थन, पश्चात्ताप आणि इतरांची नावे या पत्रात नकोत. त्यांना पुढे जागा आहे.

त्यानंतरचे काम नुकसान थांबवण्याचे. पैसे खोट्या खात्यात गेले असतील तर बँकेला त्याच तासाला कळवावे, कारण अशा व्यवहारात उशीर झाला की पैसे परत येण्याची शक्यता झपाट्याने कमी होते. क्लबचा दायित्व विमा असेल तर विमा कंपनीलाही लगेच कळवावे. पदाधिकाऱ्यांसाठीच्या अशा बऱ्याच विमापत्रांत दावा किंवा दाव्याची शक्यता विम्याच्या चालू मुदतीतच कळवण्याची अट असते, आणि ‘आधी आपसांत पाहू’ म्हणत बसल्यामुळे विमा हातचा जाऊ शकतो. बाहेरच्या माणसाचे नुकसान झाले असेल तर विमा कंपनीशी आणि वकिलाशी बोलण्याआधी त्याला दायित्व कबूल करणारे पत्र देऊ नये. परंतु जखमी किंवा नुकसान झालेल्या माणसाची विचारपूस करायला कोणाच्या परवानगीची गरज नसते.

तीन गोष्टी मुळीच करू नयेत. कागदांत बदल करू नये. जुन्या तारखेचे पत्र करणे, इतिवृत्ताचे पान बदलणे, संदेश पुसणे यांपैकी काहीही केले की प्रामाणिक चूक त्या क्षणी संपते आणि खोटेपणा सुरू होतो. चूक झालेल्या व्यक्तीशी परस्पर ‘तू काही बोलू नकोस, आम्ही बघतो’ असा गुप्त समझोता करू नये. आणि तिसरे, खिशातून गुपचूप भरपाई करू नये.

या तिसऱ्या गोष्टीवर थोडे थांबतो. मी ज्या एका मंडळाच्या कार्यकारिणीत होतो, तेथील खजिनदारांनी विवरणपत्र उशिरा भरल्याचा दंड स्वतःच्या खिशातून भरला आणि हे पुढे कळल्यावर आम्ही सर्वांनी त्यांचे कौतुक केले. नंतर लक्षात आले की असे तीन वेळा घडले होते. हिशेबात दंड कोठेच नसल्यामुळे मुदत सांभाळण्याची आमची पद्धतच मोडली आहे, हे कोणालाही दिसले नव्हते. ते गृहस्थ अत्यंत सज्जन होते, आणि त्यांच्या सज्जनपणामुळेच मंडळाला आपला दोष तीन वर्षे कळला नाही. कोणाला भरपाई द्यायचीच असेल तर ती देणगी किंवा परतफेड म्हणून उघडपणे पुस्तकात दाखवून द्यावी, आणि दंडही दंड म्हणूनच दाखवावा.

लवकर सांगणाऱ्याला काही अभय मिळाले पाहिजे, आणि ते नियमावलीत लिहिलेले असले पाहिजे. विमानवाहतुकीच्या क्षेत्रात हा विचार बराच पुढे गेला आहे. अमेरिकेत १९७६ पासून नासा ही संस्था वैमानिकांकडून आणि हवाई वाहतूक नियंत्रकांकडून त्यांच्या चुकांचे गोपनीय अहवाल घेते. नकळत झालेल्या नियमभंगाचा अहवाल १० दिवसांच्या आत दिला असेल, तर ठरावीक अटींवर दंड किंवा परवान्याचे निलंबन लादले जात नाही. गुन्हेगारी कृत्याला आणि अपघाताला ही सवलत नाही. क्लबच्या नियमावलीत याच धर्तीवर असे कलम घालता येईल : ‘पदाधिकाऱ्याने आपली अनवधानाने झालेली चूक लक्षात आल्यापासून दहा दिवसांत लेखी कळवली, आणि त्या चुकीत स्वार्थ, बेपर्वाई किंवा गुन्हा नसेल, तर त्या चुकीबद्दल त्यास पदावरून दूर करण्याची कारवाई केली जाणार नाही.’

चौकशी कशी करावी

लहान चुकीला चौकशी समिती नको. तारीख चुकली, सचिवांनी स्वतः सांगितले, दुरुस्ती ठरली, इतिवृत्तात नोंद झाली की विषय संपतो. पैसा गेला असेल, कोणाला इजा झाली असेल किंवा घडलेल्या गोष्टीविषयी मतभेद असतील, तरच स्वतंत्र चौकशी करावी.

चौकशी करणारे दोन किंवा तीन सभासद असावेत आणि त्यांपैकी कोणीही त्या निर्णयात सहभागी नसावे. स्वतःच्या प्रकरणात कोणीही न्यायाधीश होऊ शकत नाही, हा नैसर्गिक न्यायाचा पहिला नियम. लहान क्लबमध्ये असे तटस्थ लोक सापडत नाहीत ही खरी अडचण आहे; अशा वेळी एखादा माजी पदाधिकारी किंवा दुसऱ्या क्लबमधील अनुभवी व्यक्ती बोलवावी. त्यांना काय तपासायचे, कोणती कागदपत्रे मिळतील, कोणत्या तारखेपर्यंत अहवाल द्यायचा हे ठरावात लिहून द्यावे. चार आठवडे बहुतेक प्रकरणांना पुरतात. अधिक लांबले की चौकशी हीच शिक्षा होऊन बसते.

ज्याची चौकशी आहे त्याला आरोप लेखी मिळावा, समितीपुढचे कागद पाहायला मिळावेत आणि उत्तरासाठी वाजवी वेळ मिळावा. हा नैसर्गिक न्यायाचा दुसरा नियम आहे आणि तो पाळला नाही तर योग्य निर्णयही पुढे न्यायालयात टिकत नाही. त्याच्याबरोबर एक सहकारी बसू द्यावा. प्रश्न विचारताना ‘असे का केले?’ येथून सुरुवात करू नये. माणूस लगेच बचावाला लागतो. ‘त्या दिवशी तुमच्यासमोर काय काय होते?’ येथून सुरुवात करावी आणि घटनाक्रम पूर्ण झाल्यावर कारणांकडे वळावे.

समितीने आणखी एक गोष्ट शोधलीच पाहिजे : ही चूक आणखी कोणाला पकडता आली असती? समजा, खजिनदारांनी चुकीच्या खात्यातून खर्च केला, हे खरे. परंतु दरमहा हिशेब वाचून कार्यकारिणीने तो संमत केला होता ना? या बाबतीत १९७४ चा एक अमेरिकन निकाल मला मार्गदर्शक वाटतो. वॉशिंग्टनमधील सिबली रुग्णालयाच्या विश्वस्त मंडळाने नियमावलीप्रमाणे वित्त समिती नेमली होती, परंतु ती समिती दहा वर्षांहून अधिक काळ एकदाही भरली नाही आणि सारा आर्थिक कारभार दोन अधिकारी पाहत राहिले. देखरेख न केल्याबद्दल न्यायाधीश गेझेल यांनी विश्वस्तांना कर्तव्यभंगाचे दोषी ठरवले. तरीही त्यांनी विश्वस्तांना पदावरून काढले नाही आणि भरपाईही लादली नाही. रुग्णालयाचे व्यवहार असलेल्या बँकांशी आपले जे हितसंबंध आहेत ते विश्वस्तांनी उघड करावेत आणि नव्याने येणाऱ्या विश्वस्तांनी हा निकाल वाचावा, अशा प्रकारचे आदेश त्यांनी दिले. दोष स्पष्ट शब्दांत सांगितला गेला आणि उपाय मात्र दुरुस्तीचा निघाला. क्लबच्या बहुतेक प्रकरणांना हेच प्रमाण शोभते.

अहवालात घडलेल्या गोष्टी, समितीचे मत आणि शिफारशी हे तीन भाग वेगळे ठेवावेत. कोणाच्या स्वभावाविषयी एक शब्दही त्यात नसावा.

दुरुस्ती : कार्योत्तर मंजुरी कुठे चालते आणि कुठे नाही

आता त्या तेरा दिवसांकडे परत येऊ. अधिकार नसताना किंवा गणसंख्या (सभेला लागणारी किमान उपस्थिती) नसताना केलेल्या कामाला नंतर मंजुरी देता येते, परंतु सभेला जे आधी करण्याचा अधिकार होता त्यालाच ती नंतर मान्यता देऊ शकते. खजिनदारांनी मर्यादेपेक्षा अधिक खर्च केला आणि तो खर्च सभा आधी मंजूर करू शकली असती, तर कार्योत्तर मंजुरी चालते. नियमावलीच्या किंवा कायद्याच्या विरुद्ध झालेले काम मात्र कितीही मोठ्या बहुमताने कार्योत्तर मंजूर होत नाही. म्हणून ‘निवडणूक ग्राह्य धरावी’ असा ठराव करून सुटका होत नाही. पूर्ण मुदतीची सूचना देऊन विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी, निवडणूक पुन्हा घ्यावी, आणि मधल्या चार महिन्यांत कार्यकारिणीने केलेले करार व खर्च वेगळ्या ठरावाने, एकेकाची नावे घेऊन, मान्य करावेत. ही सभा कोणी आणि कशी बोलवायची, याबद्दल नियमावली काय म्हणते ते वकिलाकडून तपासून घ्यावे. दोष असलेल्या निवडणुकीतून आलेली कार्यकारिणीच ती बोलवणार असल्याने हा प्रश्न गौण नाही.

कायम झालेल्या इतिवृत्तात चूक सापडली तर ते पान खोडू नये. पुढच्या सभेत दुरुस्तीचा ठराव करावा आणि जुन्या पानाच्या समासात त्या ठरावाचा संदर्भ लिहून सही करावी. एखाद्या विशिष्ट कामासाठी आलेली देणगी दुसऱ्या कामाला खर्ची पडली असेल, तर तेवढी रक्कम सर्वसाधारण निधीतून मूळ निधीत परत करावी आणि देणगीदाराला स्वतःहून कळवावे.

परिणाम ठरवताना

साध्या नजरचुकीला इतिवृत्तातील नोंद आणि पद्धतीतला बदल पुरतो. फसलेल्या परंतु विचारपूर्वक निर्णयाला सभासदांपुढे स्पष्टीकरण पुरते. सवयीच्या चुकीत ती सवय लेखी ठरावाने बंद करावी आणि पूर्ण कार्यकारिणीने तिची जबाबदारी मान्य करावी. काम झेपत नसेल तर मदतनीस द्यावा, अधिकारांचा काही भाग काही काळ दुसऱ्याकडे द्यावा. मानाने पद बदलून घेण्याची वाट नेहमी मोकळी ठेवावी. पदावरून दूर करणे हा बेपर्वाई, लपवाछपवी आणि त्याच चुकीची सांगूनही पुनरावृत्ती यांच्यासाठीचा उपाय आहे, आणि तो नियमावलीतल्या कलमाप्रमाणेच करावा.

व्यक्तिशः भरपाई मागण्याचा विचार आला तर फार जपून चालावे. त्या व्यक्तीला काही लाभ झाला असेल तर तो परत घ्यावाच. लाभ नसताना, केवळ चुकीपोटी भरपाई मागण्याआधी कार्यकारिणीने स्वतःला विचारावे की, हाच नियम उद्या आपल्या प्रत्येकाला लागू होणार असेल तर आपण पदावर राहू का? प्रामाणिकपणे केलेल्या कामातून उद्भवणारे दायित्व क्लब सोसेल, असे कलम बऱ्याच नियमावल्यांत असते; नसल्यास ते घालून घ्यावे आणि त्याला विम्याचा आधार द्यावा. रिकाम्या तिजोरीचे अभय कोणाच्याही कामाचे नसते.

सभासदांना कसे सांगावे

मराठीत चूक सांगताना कर्ता सहज नाहीसा होतो. ‘सूचना पाठवण्यात विलंब झाला’, ‘नजरचुकीने राहून गेले’, ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ या वाक्यांत कोणी काही केलेलेच नाही. सभासदांना राग येतो तो बहुधा यामुळे. त्याऐवजी असे लिहावे : ‘सचिव या नात्याने मी वार्षिक सभेची सूचना नियमापेक्षा एक दिवस उशिरा पाठवली. ही बाब एका सभासदाने लक्षात आणून दिल्यावर मी दुसऱ्या दिवशी अध्यक्षांना कळवले. निवडणूक पुन्हा घेण्यासाठी विशेष सभा बोलावली आहे. यापुढे सूचनेची तारीख दोन पदाधिकारी स्वतंत्रपणे मोजतील. सूचनेचा मसुदा कार्यकारिणीने पाहिला होता, त्यामुळे या चुकीची जबाबदारी आम्हा सर्वांची आहे.’ शेवटचे वाक्य सचिवांनी लिहू नये. ते अध्यक्षांनी आपल्या सहीने जोडावे.

कोणाची खासगी माहिती, आजारपण, घरची अडचण यांचा उल्लेख त्या व्यक्तीच्या संमतीशिवाय करू नये, मग तो तिची बाजू मांडण्यासाठी का असेना.

पुन्हा तीच चूक होऊ नये म्हणून

नियंत्रणे थोडी असावीत, परंतु ती खरोखर पाळली जावीत. प्रत्येक देयकाला दोन सह्या असाव्यात आणि दुसरी सही करणाऱ्याने बिल पाहूनच सही करावी. पुरवठादाराने खाते क्रमांक बदलल्याचे कळवले तर त्या पत्रातल्या क्रमांकावर नव्हे, आपल्याकडे आधीपासून असलेल्या क्रमांकावर फोन करून खात्री करावी. विमा, विवरणपत्रे, नोंदणी आणि सभेच्या सूचना यांच्या तारखांची एक यादी दोन पदाधिकाऱ्यांकडे असावी. जुन्या पदाधिकाऱ्याने नव्याला कारभार सोपवताना अर्धवट राहिलेल्या कामांची लेखी टिपणी द्यावी. आणि प्रत्येक बैठकीच्या विषयपत्रिकेत ‘झालेल्या आणि थोडक्यात टळलेल्या चुका’ असा कायमचा विषय ठेवून पहिली चूक अध्यक्षांनी स्वतःची सांगावी. वरिष्ठ बोलले की बाकीच्यांची भीती कमी होते.

दुरुस्तीचा ठराव करतानाच त्याच्या फेरतपासणीची तारीख, साधारण सहा महिन्यांनंतरची, त्यात लिहून ठेवावी. त्या दिवशी ठरलेले बदल झाले आहेत की नाहीत ते पाहावे, झाले असतील तर ‘हा विषय बंद करण्यात येत आहे’ असा ठराव करून इतिवृत्तात नोंदवावा, आणि पुढच्या निवडणुकीत कोणी तो विषय त्या व्यक्तीविरुद्ध वापरू लागला, तर अध्यक्षांनी त्या ठरावाची तारीख वाचून दाखवावी.